जाडी

समुद्र गोठला की बर्फावरून रस्ता निघतो,
आमच्या बेटापासून पलीकडच्या धक्क्यापर्यंत.
तो उघडायचा की नाही, हे मी ठरवतो.
म्हणजे गिरमिट ठरवतं.
मी भोक पाडतो, मोजपट्टी सोडतो, आकडा वहीत लिहितो.
जाड ते चांगलं.
सव्वीस हिवाळे या एका वाक्यावर पोट भरलं.

इल्मा चार वर्षांची असताना
तिला दुसऱ्या कुणाचं हृदय बसवलं
आणि हेलसिंकीच्या डॉक्टर साल्मेलाबाईंनी
मला उलटं गणित शिकवलं.

त्या हृदयावरून ज्या रक्तवाहिन्या जातात,
शिवणाच्या दोऱ्याएवढ्या,
त्यांचं आतलं अस्तर वाढत जातं कधीकधी.
शरीर पाहुण्याला विसरत नाही, बाई म्हणाल्या.
भांडण काढत नाही उघड,
भिंत तेवढी आतून लिंपत राहतं,
वाट अरुंद होईपर्यंत.

आणि दुखत नाही?
हे मी तीनदा विचारलं.
नाही. हृदय काढताना नसा तुटतात,
नव्या जागी त्या सहसा पुरत्या जुळत नाहीत.
माझ्या वडिलांना धक्क्यावर जी कळ आली होती,
ज्या कळेमुळे ते खाली बसले आणि वाचले,
ती हिला बहुधा येणारच नाही.

बर्फ निदान ओरडतो तडकताना.
रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सांगतो मी
भेग कुठून निघाली, कुठे गेली.
हे मुकं.
म्हणून बघायला जावं लागतं, दर फेब्रुवारीत,
ऐन मोसमात, गिरमिट ओस्मोच्या हवाली करून
सहा तास आगगाडीनं.

गाडीत ती डबी उघडते. सकाळचे आठ.
गोळ्या लिंगनबेरीच्या रसाबरोबर गिळते.
हॉटेलात कुणी चकोतऱ्याची फोड पुढे केली
तर हात मागे घेते. म्हणते,
"आम्हाला चालत नाही."
आम्हाला.
हे तिला आम्ही शिकवलेलं नाही.

जांघेतून तार आत जाते.
पडद्यावर करडी वर्तुळं, कापलेल्या ओंडक्यासारखी.
बाई बोट ठेवतात: गेल्या वर्षी इथे तीन दशांश होतं,
आता पाच.
अर्धा मिलिमीटर.
माझ्या वहीत अर्ध्या मिलिमीटरला रकाना नाही.

तुईजा विचारते, आमचं काय चुकलं?
काही नाही, बाई म्हणतात.
पण मला माहीत आहे तिला काय आठवतंय:
जूनमधली ती न मावळणारी संध्याकाळ,
सौना, पाहुणे, आणि दोन तास उशिरा दिलेली गोळी.
ती गोळी ती अजून मुठीत घेऊन बसली आहे.

एक औषध बदललं. नवं ही वाढ हळू करतं,
थांबवेलच असं नाही.
तोंड येऊ शकतं त्यानं.
म्हणजे खारट काळी गोळी बंद, इल्मा म्हणाली,
आणि त्या संबंध दिवसात
रडली ती तेवढ्यासाठी.

हृदय कुणाचं, ते सांगत नाहीत.
दर वर्षी आम्ही एक पत्र लिहितो, सही न करता.
या वर्षीचं टेबलावर तसंच आहे.
पहिल्या ओळीच्या पुढे काय लिहावं
सुचत नाही.

शनिवारी ती आली माझ्याकडे बर्फावर,
ढकलगाडी सोडून शेवटचा टप्पा धावत.
थांबली. हातमोजा काढून माझा हात छातीवर ठेवला.
आत अजून धावणं चालूच.
"थांब," म्हणाली, "मी थांबले ते
त्याला अजून कळलं नाहीये."

आम्ही उभे राहिलो, ते कळेपर्यंत.

मग पट्टी तिनंच सोडली भोकात,
गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून.
"बावन्न!
चांगलं ना?"

इथे, हो.